समश्लोकी यंत्र

इंजिनिअरिंगला सी भाषा शिकलो म्हणजे काय केलं, तर तिची जर्नल लिहिली. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने फ्लोचार्ट, उजवीकडे निळ्या शाईत प्रोग्रॅम, आणि शेवटी ‘आउटपुट’ हा शब्द अधोरेखित करून खाली एकदोन ओळी. आउटपुटसुद्धा आम्ही हातानेच लिहायचो. ते संगणकाने काढलेलं असावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये होतं, एवढं पुरे. एकदा मूळ जर्नलवाल्याच्या हातून १२० ऐवजी १०२ लिहिलं गेलं, आणि आमच्या अख्ख्या बॅचमध्ये पाचाचं फॅक्टोरियल १०२ झालं. सगळ्यांना सही मिळाली. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, कारण माझ्या वयाच्या कुणालाही ते आपलंच वाटेल.

या गोष्टीवर आम्ही पुष्कळ हसलो. त्यात हसण्यापलीकडचं काय होतं ते कळायला मला वीसेक वर्षं लागली, आणि कळलं ते एका जुन्या खेळण्याचा इम्युलेटर लिहिताना.

इम्युलेटर म्हणजे एका संगणकाने घेतलेलं दुसऱ्या संगणकाचं सोंग. बहुरूप्याचं सोंग दारापुरतं असतं. इथे मात्र आतूनही तेच व्हावं लागतं. जुन्या प्रोसेसरमध्ये जेवढी रजिस्टरं, म्हणजे हाताशी आकडे ठेवायचे कप्पे, होती तेवढीच, मेमरी होती तेवढीच, आणि त्याला ज्या आज्ञा कळत त्या सगळ्या, एकेक करून, आपण शिकत असलेल्या भाषेत लिहायच्या. मग जुनी गेम एकही बाइट न बदलता त्याच्या पुढ्यात ठेवायची. एक यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन वाचून त्याचं काम करू शकतं, हे ॲलन ट्युरिंगने ज्या निबंधात दाखवलं तो लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे २८ मे १९३६ रोजी पोचला. त्याच्या बरोबर चार आठवडे आधी, ३० एप्रिलला, गांधीजी वर्ध्याशेजारच्या शेगावात राहायला आले. त्या शेगावचं सेवाग्राम पुढे झालं. या दोन तारखांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मी वर्ध्याचा असल्यामुळे मला तो लावावासा वाटतो, आणि हा लेख त्याच हट्टातून आलेला आहे.

नवी भाषा शिकायची तर इम्युलेटर लिही, हा प्रोग्रॅमर मंडळींतला नेहमीचा सल्ला. कारण विचारलं तर सांगतात, मजा येते. मजा येते हे खरंच आहे, पण मजा पत्त्यांतही येते. सल्ला मला पटतो तो वेगळ्या कारणाने, आणि ते कारण समजायला थोडं आत जाऊन पाहावं लागेल.

बहुतेकांची सुरुवात चिप-एटपासून होते. आरसीए कंपनीतले इंजिनिअर जोसेफ वाइसबेकर यांनी १९७०च्या दशकात कॉस्मॅक व्हीआयपी नावाच्या हौशी लोकांच्या संगणकासाठी केलेली ही चिमुकली व्यवस्था. नावात चिप असली तरी अशी चिप कधी नव्हतीच. तेही एक सोंगच होतं. ४,०९६ बाइट मेमरी, १६ रजिस्टरं, ६४ बाय ३२ ठिपक्यांचा पडदा, १६ कळा आणि पस्तीसएक आज्ञा. गेम मेमरीत ५१२व्या पत्त्यापासून ठेवायची, दोन बाइट उचलायचे, आज्ञा ओळखायची, पाळायची, पुढचे दोन बाइट. शनिवार-रविवारात उरकतं.

पहिली चाचणी म्हणून एक छोटा प्रोग्रॅम चालवायची रीत आहे. तो फक्त आयबीएम ही तीन अक्षरं पडद्यावर काढतो आणि थांबतो. त्याला सहाच प्रकारच्या आज्ञा लागतात. माझ्या पडद्यावर अक्षरं आली, पण रांगोळीवरून कुणी पाय फिरवावा तशी. नीट पाहिलं तेव्हा कळलं की प्रत्येक आठ ठिपक्यांचा तुकडा आपल्या जागी आहे, फक्त स्वतःपुरता आरशातला आहे. बाइटमधले बिट मी उजवीकडून वाचत होतो, वाचायला हवे होते डावीकडून. एका ओळीची दुरुस्ती. तिच्यासाठी दीड तास गेला, आणि त्या दीड तासात मला ते १०२ आठवलं. या पडद्यासमोर १०२ चाललं नसतं. सही द्यायला इथे कुणी नव्हतंच.

खरं काम हाताने करत शिकायचं, हा विचार वर्ध्यात फार पूर्वी मांडून झालेला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी इथे शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने त्याच डिसेंबरात अहवाल दिला. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, आर्यनायकम आणि आशादेवी अशी माणसं होती. सात वर्षांचं शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एका मूलोद्योगाभोवती गुंफलेलं. वेळापत्रकातल्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं उद्योगाला. नई तालीम म्हणून हीच योजना पुढे ओळखली गेली.

आज तिची आठवण उरली आहे ती ‘शाळेत सूत काढायला लावायचे’ एवढीच. त्यामागे समवाय नावाची कल्पना होती, ती निसटली. उद्योग शिकायचा आणि शिवाय गणित शिकायचं, असं ते नव्हतं. चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे गुंडीत २,५६० फूट सूत. ते किती वजनाच्या कापसातून निघालं यावर सुताचा अंक ठरे. आपलं सूत बारीक आलं की जाडंभरडं, हे सांगायचं तर मुलाला भागाकार करावाच लागे. पुस्तकातल्या उदाहरणात टाकी पाण्याने भरते आणि त्याच वेळी गळतेही. टाकी कुणाची, तोट्या कुणी बसवल्या, काही पत्ता नाही. इथे सूत त्याचं स्वतःचं होतं.

योजनेवर खरा वाद झाला तो पैशांवरून. मुलांच्या हातून तयार होणाऱ्या मालातून निदान शिक्षकाचा पगार निघावा, असा गांधीजींचा आग्रह होता. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांना तो मान्य नव्हता. समितीच्या अहवालानेही बजावलं की पैशाच्या बाजूवर भर देताना शिकणंच मागे पडण्याचा धोका आहे. या वादात मी सरळ विरोधकांच्या बाजूचा आहे. सात वर्षांच्या पोराने काढलेल्या सुतावर गुरुजींचं घर चालावं, ही कल्पना मला सहन होत नाही. त्या पोराचं सूत चांगलं निघालं नाही तर गुरुजी त्याला काय करतील, याचा विचार करून पाहा.

तरी विक्रीच्या त्या आग्रहात एक मोलाची गोष्ट लपलेली होती, आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंचं तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. सूत बाजारात नेलं की घेणारा माणूस गुरुजींची सही पाहत नाही. तो ओढून पाहतो. तुटलं तर तुटलं. गिऱ्हाईक हा शाळेबाहेरचा परीक्षक होता, आणि त्याला कुणाचीच भीड नव्हती.

पुढे काय झालं ते माझ्या आईच्या पिढीला ठाऊक आहे. टकळी दप्तरात आली, सूतकताईचा तास वेळापत्रकात आला, आणि सूत ओढून पाहणारा माणूस तेवढा गेला. आई सांगते, तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी वर्गातल्या पेटीतून एक जुनी गुंडी बाहेर निघे. साहेब ती हातात घेऊन वा म्हणत. गुंडी परत पेटीत. ती कुणी कातली होती हे गुरुजींनाही माहीत नव्हतं. आमचं १०२ आणि ती गुंडी, एकाच जातीची.

इम्युलेटरला मात्र ओढून पाहणारा मिळतो, आणि तोही कडक. निन्टेन्डोचं फॅमिकॉम १९८३ साली आलं. त्याच्याच नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून आल्या, आणि त्यांच्या कार्ट्रिजला आपण बिनदिक्कत कॅसेट म्हणायचो. कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर मारायची, हे शास्त्र वर्ध्यातल्या प्रत्येक मुलाला येत होतं. या यंत्राच्या प्रोसेसरसाठी केव्हिन हॉर्टन यांनी एक चाचणी-प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे. त्याच्या जोडीला एक नोंदवही मिळते: बिनचूक चालणाऱ्या प्रोसेसरच्या रजिस्टरांत प्रत्येक आज्ञेला काय काय होतं, याच्या ८,९९१ ओळी. आपला इम्युलेटर चालवायचा, आपलीही तशीच नोंद काढायची, दोन्ही शेजारी ठेवायच्या. ज्या ओळीवर फरक पडला तिथे आपलं सूत तुटलं. यात कुणाला काही विकायचं नाही, कुणाचा पगार काढायचा नाही. गांधीजींनी बाजार आणि खरी परीक्षा या दोन गोष्टी एका गाठीत बांधल्या होत्या. ती गाठ सुटू शकते, हे मला या नोंदवहीने दाखवलं, आणि सुटली की शहांचा आक्षेपही उरत नाही.

पण यातून भाषा कशी शिकता येते? यंत्र समजलं म्हणजे भाषा आली असं थोडंच आहे?

एक अगदी बारका प्रश्न घेऊ. जुन्या प्रोसेसरचं रजिस्टर आठ बिटांचं, त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५० मध्ये १० मिळवले तर जुन्या यंत्रात ४ उरतात, जुन्या स्कूटरचा मीटर शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर येतो तसे. आता हाच प्रश्न वेगवेगळ्या भाषांना विचारा. पायथन म्हणते २६०, कारण तिच्या लेखी आकड्याला कुंपण नाही. ४ हवे असतील तर तुम्हीच वरचा भाग छाटा. सीमध्ये आठ बिटांचा बिनचिन्ही प्रकार घेतला तर ती मुकाट्याने ४ ठेवते, तुम्हाला तेच हवं होतं की तुमची चूक झाली, याच्याशी तिला कर्तव्य नाही. रस्टमध्ये चाचणीच्या वेळी हा प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडतो. ती जणू विचारते: हे मुद्दाम की चुकून? मुद्दाम असेल तर ‘रॅपिंग ॲड’ असं स्पष्ट लिही. एका बेरजेत तीन भाषांचे तीन स्वभाव दिसले. कुठल्याही कोर्सच्या पहिल्या धड्यात हा आकडा-प्रकारांचा तक्ता असतोच. मी तो रस्टच्या पुस्तकात वाचला होता, आणि विसरलोही होतो.

दुसरा प्रसंग जास्त दमवणारा. फॅमिकॉममध्ये गेम चालवणारा प्रोसेसर एक आणि चित्र काढणारी चिप दुसरी. दोघांनाही कॅसेटमधला मजकूर लागतो. इतर भाषांत मी बेलाशक दोघांकडेही त्याचा पत्ता देऊन मोकळा झालो असतो. १५ मे २०१५ला १.० आवृत्ती आलेली रस्ट हे चालू देत नाही. तिचा नियम सातबाऱ्यासारखा आहे: मालक एकच, वाचायला कितीही जणांनी यावं, पण कुणी एक जण बदल करत असेल तेव्हा दुसऱ्या कुणी तिथे पाऊल टाकायचं नाही. मी दोघांचीही नावं लावायला गेलो आणि कंपायलरने तलाठ्याच्या थंडपणाने कागद परत केले. तीन संध्याकाळी मी त्याला शिव्या दिल्या. चौथ्या संध्याकाळी लक्षात आलं की प्रश्न भाषेचा नाहीच, यंत्राचा आहे: त्या डब्यात ही मेमरी नेमकी कुणाची होती? कोण कधी वाचत होतं? खऱ्या यंत्रात हे तारांनी ठरवलेलं होतं, आणि मी ते कधी विचारलंच नव्हतं. शेवटी सगळी मालकी एका ‘बस’कडे, म्हणजे या भागांना जोडणाऱ्या वाटेकडे, दिली आणि ज्याचा हात चालू असेल त्याच्या हातात ती तेवढ्यापुरती द्यायची, असं लिहिलं. मालकी म्हणजे काय हे मला रस्टचं पुस्तक वाचून कळलं नव्हतं. कागद परत आल्यावर कळलं.

इथे वर्ध्यातलाच दुसरा दाखला आठवतो. आईला समजेल अशी मराठी गीता असावी म्हणून विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी गीताई लिहायला घेतली, आणि ६ फेब्रुवारी १९३१ला पुरी केली, इथेच. ती समश्लोकी आहे. समश्लोकीची अट निर्दय असते. सातशे श्लोक, म्हणजे सातशेच. अवघड वाटला म्हणून एखादा गाळता येत नाही, सोपा करायचा म्हणून एकाचे तीन करता येत नाहीत. गोपुरीच्या छप्पर नसलेल्या गीताई मंदिरात ते श्लोक ग्रॅनाइटच्या शिळांवर कोरलेले आहेत. त्या शिळांमधून हिंडताना मला नेहमी वाटतं, सांगायचं काय हे पक्कं ठरलेलं असलं की सगळी झटापट भाषेशीच होते.

नवी भाषा शिकणारा सहसा याच्या उलट करतो. तो स्वतःचं ॲप लिहायला घेतो. कामांची यादी, घरखर्चाची वही, असलं काहीतरी. अडला की काय करतो? यादीत तारीख लावणं जमत नसेल तर म्हणतो, तारखेची गरजच काय. आपली इच्छा आपल्याला येणाऱ्या भाषेएवढी कापून घेतो. नवख्या परभाषेत बोलताना आपण असंच करतो. शब्द सापडला नाही की विषय बदलतो, आणि समोरच्याला वाटतं याला भाषा छान येते. इम्युलेटरमध्ये विषय बदलायची सोय नाही. पस्तीसावी आज्ञा नसेल तर गेम तिथे मरते.

मूळ यंत्रातल्या चुकांचंही तसंच. फॅमिकॉमचा प्रोसेसर ज्या ६५०२ घराण्यातला, त्यात एक प्रसिद्ध खोट आहे. मेमरीचं २५६ बाइटांचं एक पान धरलं, तर कुठे उडी मारायची तो पत्ता पानाच्या अगदी शेवटच्या बाइटपासून सुरू होत असेल तेव्हा प्रोसेसर त्याचा दुसरा अर्धा भाग पुढच्या पानावरून न आणता त्याच पानाच्या पहिल्या बाइटमधून आणतो. शहाणपणा करून ही खोट आपण सुधारली की आपला इम्युलेटर चुकीचा ठरतो. चिप-एटमध्ये तर पाठभेदही आहेत: आकडा एक बिट उजवीकडे सरकवण्याची आज्ञा मूळ व्हीआयपीवर दुसऱ्या रजिस्टरमधला आकडा घेऊन तो सरकवत असे, तर १९९०च्या सुमाराच्या कॅल्क्युलेटरवरच्या आवृत्तीत ती पहिल्यालाच जागच्या जागी सरकवू लागली. काही गेम या पाठावर चालतात, काही त्या. पोथ्या लावणाऱ्यांना हा त्रास नवा नाही.

एका मित्राचा आक्षेप मात्र मला पूर्ण उडवता येत नाही. तो म्हणतो, तू रस्ट शिकला नाहीस, रस्टच्या लिपीत सी लिहिलीस. मराठी शब्द आणि वाक्यरचना हिंदीची, तसं. माझ्या चिप-एटपुरतं हे शंभर टक्के खरं आहे. एवढ्या लहान यंत्रात भाषा तुम्हाला सोडून देते. पस्तीस फांद्यांचा एक प्रचंड ‘मॅच’ लिहिला की काम भागतं, आणि तो कुठल्याही भाषेत सारखाच दिसतो. फॅमिकॉमला आलो तेव्हा सातबारा आडवा आला. म्हणून एक चिप-एट लिहून ‘मला अमुक भाषा येते’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्यात मी स्वतःही आलो.

आणखीही एक उणीव आहे. जुनं यंत्र आपलं मत बदलत नाही. नगरपालिकेच्या पाणीपट्टीची पावती काढणारा प्रोग्रॅम लिहिताना समोर माणसं असतात. ती सोमवारी एक सांगतात, गुरुवारी दुसरं, आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर असतं. ते शिकायला इम्युलेटर निरुपयोगी. तिथे वेगळं गुरुकुल लागतं.

आता तर चिप-एटचा इम्युलेटर मागितला की मिनिटभरात लिहून देणारी यंत्रं आली आहेत. मग कशाला हे? गिरणीचं कापड टकळीच्या सुतापेक्षा १९३७ मध्येही स्वस्तच होतं. ज्यांना कापड हवं होतं त्यांनी ते घेतलं, त्यात काही पाप नाही. माझ्या इम्युलेटरचा जगाला उपयोग शून्य आहे. जुन्या गेम जतन करण्याचं काम मेम या प्रकल्पातली माणसं १९९७पासून माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं करत आहेत. पण त्या लिहून देणाऱ्या यंत्राकडून घेतलेला कोड मी एकदा लावून पाहिला. तो चालला. बिट कुठल्या बाजूने वाचायचे हे मला आठवड्याने विचारलं असतं तर मी अंदाजाने सांगितलं असतं, आणि निम्म्या वेळा चुकलो असतो. पेटीतली गुंडीच ती.

माझ्या फॅमिकॉमवर आता मारिओ चालतो, म्हणजे जवळपास. वरची गुणांची पट्टी स्थिर आणि खालची जमीन सरकती, हे दृश्य आपण लहानपणी शेकडो वेळा पाहिलं. पण त्या चिपला एकाच चित्राचा एक भाग थांबवून दुसरा सरकवता येत नाही. युक्ती अशी की पट्टीतल्या नाण्याच्या बुडाशी एक बारीक तुकडा बसवलेला असतो. चिप ओळीमागून ओळ काढत तिथे पोचली की एक खूण वर होते. त्या खुणेकडे डोळे लावून बसलेला प्रोसेसर ती पाहतो आणि मग सरकवण्याचा आकडा बदलतो. प्रोसेसरच्या एका ठोक्यात चिप तीन ठिपके पुढे जाते. एका ओळीत ३४१ ठिपके, एका चित्रात २६२ ओळी, सेकंदाला साठेक चित्रं. माझी खूण कुठेतरी थोडी उशिरा वर होते आहे, त्यामुळे मारिओ धावायला लागला की पट्टीची खालची कड थरथरते. चाचणीची नोंदवही इथे कामाची नाही. तिच्या ८,९९१ ओळी प्रोसेसरच्या आहेत, चित्राच्या चिपच्या नाहीत. काल रात्री दोन तास ठिपके मोजले. अडीचशेव्या ठिपक्यापर्यंत सगळं बरोबर आहे. पुढचे एक्क्याण्णव आज पाहीन.